उमेळ्याचं बावखल आणि आम्ही पाच विद्वान

वसईला गेले होते म्हटलं की लोक लगेच किल्ला पाहिला का, समुद्र पाहिला का, असं विचारतात. किल्ला मी पाहिला नाही. समुद्र एकदा रिक्षातून दिसला, तोही दोन इमारतींच्या फटीतून. मी पाहिलं ते एक बावखल. ते आता तिथे नाही, तेव्हा तुम्ही गेलात तर शोधू नका.

मी गडहिंग्लजच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. विद्यापीठानं 'पाणी आणि समाज' असा एक आंतरविद्याशाखीय अभ्यासगट काढला आणि त्यात भाषेचं कुणीतरी हवं, नाहीतर वरून मंजुरी मिळत नाही, म्हणून मला ओढलं. जेवणाच्या ताटात लोणचं असावं तशी मी गटात होते. संयोजक कर्णिक सर, विषय अर्थशास्त्र. भूजलाचे डॉक्टर सबनीस. समाजशास्त्राची ऋता, वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढी, हुशार, बोलते निम्मं इंग्रजीत. आणि एक वास्तुरचनेचे गृहस्थ, ते आठवडाभर जे काही बोलले ते दगडांविषयी बोलले.

निघण्याआधीच कर्णिक सरांनी गटाचे नियम सांगितले. एक, बाहेर कुणाशीही गटाच्या वतीनं बोलायचं ते फक्त संयोजकानं, आणि तेही पाचही जणांचं एकमत झाल्यावर. दुसरा नियम जास्त शहाणपणाचा होता. आपापली माहिती आठवडाभर एकमेकांनाही सांगायची नाही, म्हणजे एका शास्त्राचा रंग दुसऱ्याला लागणार नाही. सगळं शनिवारच्या बैठकीत एकदम उघडायचं. मी विचारलं, "मग एकत्र जायचं कशाला?" सर हसले आणि म्हणाले, "तीच तर गंमत आहे, मॅडम."

सोमवार, उमेळे

आमचा मुक्काम आचोळ्याच्या एका लॉजवर होता. तिथून गाडीनं पूल ओलांडून पश्चिमेला यायचं आणि मग उमेळ्याकडे वळायचं. वाटेत सगळीकडे इमारतींची कामं चाललेली. मग मध्येच केळीची एक वाडी लागते, गार हवेचा झोत येतो, आणि तिच्या पुढे पुन्हा सळया आणि सिमेंटची पोती.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांना अख्खं गाव 'टीचर' म्हणतं. नाव सिसिलिया. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र अजून वर्गातला. आमच्याकडे अंगणात तुळस असते तसा त्यांच्या अंगणात क्रूस, आणि आमच्याकडे तुळशीला वाहावी तशीच क्रूसाला अबोलीची वेणी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. घरात भावाशी त्या त्यांच्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मंही कळत नव्हतं, आणि आमच्याकडे वळल्या की चोख शाळेतली मराठी.

बावखल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडची विहीर म्हणजे खोल, वर कठडा, वाकून बघितलं तर पोटात गोळा. बावखल तसं नाही. वाडीच्या मधोमध उतरत्या काठांचं पसरट तळं, गोड्या पाण्याचं, भोवती केळी आणि नारळी. पूर्वी त्यावर रहाट असे, आता पंप. भर मे महिना होता, आमच्याकडच्या विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता, आणि इथे कमरेच्या वर पाणी. त्यात मासे. काठावर एक बगळा अगदी मालकासारखा उभा.

"हे माझे वडील आणि दोन चुलते, अशा तिघा भावांचं सामायिक," टीचर म्हणाल्या. "चुलत्यांच्या दोन्ही घरांनी आपले वाटे बिल्डरला दिले. त्याला आता मागच्या वाडीत जायला रस्ता हवा, तो ह्याच्यावरून. त्यानं अर्जात काय लिहिलंय माहितीये? 'वापरात नसलेला कोरडा खड्डा.' मी हरकत घेतलीये. ऑफिसचा माणूस बघायला येणार आहे. पाणी बघेल आणि जाईल, मला दुसरं काही सिद्ध करायचं नाही."

"कधी येणार?" मी विचारलं.

"कळवतील म्हणालेत. ह्याच आठवड्यात."

हे आम्ही पाचही जणांनी ऐकलं. सबनीसांनीही ऐकलं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

मग जेवण. तांदळाची भाकरी, पातळ आणि मऊ, की माझ्या ज्वारीच्या भाकरीला लाज वाटावी. सुक्या बोंबलाची चटणी, केळफुलाची भाजी, आणि शेवटी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, केळीच्याच सोपटात, म्हणजे वाळक्या सालीत, बांधलेली. आमच्या संकेश्वरी मिरचीवर वाढलेली मी, पण त्या चटणीनं माझ्याही डोळ्यांत पाणी आणलं. टीचर म्हणाल्या, "बघा, आमच्याकडे पाणी आहे की नाही!" सगळे खळखळून हसले.

जेवण झाल्यावर ऋतानं त्यांना समजावलं, "टीचर, तुम्ही जे सांगाल ते पूर्ण कॉन्फिडेन्शियल राहील. तुमचं नाव, गावाचं नाव, कुठेच येणार नाही. माझं प्रॉमिस."

"अगं, आलं तर बरंच की! उमेळ्याची आहे मी. लपवायचंय काय?"

"नाही नाही, ते आमच्या एथिक्समध्ये बसत नाही."

"बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. वाडी तुमचीच समजा. काय मोजायचं ते मोजा," टीचर म्हणाल्या आणि हातात सुकेळ्यांची आणखी एक जुडी कोंबली.

मंगळवार, मनवेलपाडा

दुसऱ्या दिवशी विरार पूर्वेला गेलो, तुलनेसाठी. वाडीतलं पाणी बघितलं, आता चाळीतलं. मनवेलपाड्याच्या एका गल्लीत टँकर उभा होता, त्याच्या नळीभोवती पिंपं, कळश्या, तेलाचे डबे. ऋतानं एका बाईला विचारलं, "पाण्याशी तुमचं नातं कसं आहे?"

बाईनं हंडा खाली ठेवला. "नातं? सासरा आहे तो आमचा. आला की उठायचं, गेला की बसायचं. बाजूला व्हा मॅडम, नळी सुटली तर तुमचाच मोबाईल भिजेल."

आणि नळी खरोखरच सुटली. भिजले ते कर्णिक सर. इस्त्रीचा झब्बा अंगाला चिकटला आणि गल्लीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. त्या दिवशी मी या गटावर शेवटचं मनापासून हसले.

संध्याकाळी ऋता एकटीच टीचरांच्या मुलाखतीला उमेळ्याला गेली. आम्ही लॉजवर परतलो. ती आली तेव्हा मी सहज विचारलं, "काय म्हणाल्या टीचर?" तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाली, "शनिवारी, मॅम."

बुधवार, पुन्हा वाडीत

बुधवारी टीचर घरी नव्हत्या. भाचीचं लग्न होतं समुद्राकडच्या गावात, भाऊही तिकडेच. ऋता परत मनवेलपाड्याला गेलेली. वाडीत सबनीस, दगडवाले गृहस्थ, कर्णिक सर आणि मी. मी शेजारच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांकडून झाडांची, पाटांची नावं टिपत बसले होते. तेवढ्यात पंपाचा धडधडाट सुरू झाला.

सबनीसांनी भाड्यानं मोठा पंप आणला होता. ह्याला म्हणे उपसा चाचणी म्हणतात. सगळं पाणी काढून टाकायचं आणि ते किती वेगानं परत येतं ते मोजायचं. पाणी वाडीला सोडलं तर झिरपून परत येईल आणि मोजणी चुकेल, म्हणून नळी थेट रस्त्याकडच्या गटारात. त्या माणसाला दोष द्यायचा तर नीट द्यावा: आपल्या कामात तो चोख होता. काठावर पट्टी रोवली, दर थोड्या वेळानं वाचन, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद. दगडवाल्यांनाही तळाची बांधणी बघायला मिळणार म्हणून तेही खूश.

दुपारपर्यंत चिखल दिसायला लागला. मासे तडफडायला लागले. मी दोन-चार उचलून बादलीत टाकायला खाली उतरले, पाय घसरला, आणि काठावरून बसल्या बसल्या थेट तळाशी. साडी, पिशवी, चष्मा, सगळं चिखलात. सर वरून ओरडले, "मॅडम, सांभाळून! पट्टी हलेल!"

उन्हं कलली तेव्हा टीचर आल्या. लग्नातल्याच साडीत होत्या, केसांत गजरा. फाटकातून आत येताना हसत होत्या. मग त्यांनी तो खड्डा पाहिला.

"हे काय केलंत?" त्या म्हणाल्या. "अहो, उद्या सकाळी तो माणूस येतोय!"

सबनीस गांगरले. "उद्या? कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं! काल तुमच्या त्या मुलीला सांगितलं, नोटीस आली म्हणून. एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं असं मी धरलं. एकाच गाडीतून उतरता ना तुम्ही?"

मी ऋताला फोन लावला. पलीकडून रडवेला आवाज. "मॅम, तो इंटरव्ह्यू डेटा होता. शनिवारी शेअर करणार होते ना मी. आणि सर पाणी उपसणार आहेत हे मला कुठे माहीत होतं?"

खरंच होतं. तिला उपशाचं माहीत नव्हतं आणि सबनीसांना तारखेचं. दोघं रोज सकाळी एकाच टेबलावर पोहे खात होते. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते आम्हीच.

मी म्हटलं, "रात्रीतून टँकर आणू."

सबनीस म्हणाले, "बाहेरचं पाणी पडलं तर माझी चाचणी फुकट जाईल." हे त्यांनी टीचरांच्या देखत म्हटलं. माझ्या हातात चिखलानं भरलेली चप्पल होती. ती मी खाली ठेवली, इतकंच सांगते.

पण टँकर टीचरांनाच नको होता. "विकतचं पाणी ओतून बावखल दाखवू? मग त्या बिल्डरात आणि माझ्यात फरक काय? रात्रीत येईल ना थोडंफार?"

"थोडं येईल. पुरतं भरायला दोन-तीन दिवस."

"मग झालं तर. तुम्ही सकाळी इथे उभे राहा आणि त्याला सांगा, आम्ही उपसलं म्हणून. तुमच्यासारखी शिकलेली माणसं सांगतील तर तो ऐकेल." त्या कर्णिक सरांकडे वळल्या. "सांगाल ना, सर?"

"आम्ही असू की इथे," सर म्हणाले.

सांगू, असं ते म्हणाले नव्हते. हे माझ्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं.

गुरुवार

सकाळी तळाशी घोट्याएवढं गढूळ पाणी आलं होतं. त्यात मेलेले मासे. पाहणीचा माणूस आला, त्याच्याबरोबर बिल्डरचा एक पोरगेला नोकर, उन्हाचा चष्मा लावलेला. पाहणीवाला वाईट नव्हता. काठावर उभा राहिला, फोटो काढले.

"ह्यात पाणी कुठाय, बाई?"

"परवापर्यंत कमरेएवढं होतं."

"परवा सगळ्यांचंच सगळं असतं."

टीचरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही पाचही जण केळीच्या सावलीत रांगेनं उभे होतो. "सर, तुम्ही सांगा ना यांना," त्या म्हणाल्या.

कर्णिक सर पुढे झाले. घसा साफ केला. "असं आहे, आमचा अभ्यास अजून प्रक्रियेत आहे. गटाचं एकमत झाल्याशिवाय मी याबाबत कोणतंही विधान करणं उचित ठरणार नाही."

मला राहवलं नाही. मी ओरडलेच, "अहो, आम्ही उपसलं हे पाणी! काल दिवसभर पंप लावून गटारात सोडलं. हा बघा माझ्या पिशवीवरचा चिखल!"

त्या माणसानं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. तो ऐकत होता, शपथेवर सांगते. त्यानं विचारलं, "मॅडम, तुमचा विषय?"

"मराठी."

सर मध्ये पडले. "त्या भाषेच्या अंगानं बघतायत. पाण्याविषयी आमचे डॉक्टर सबनीस अधिकारानं बोलू शकतील."

सबनीस पट्टीकडे बघत म्हणाले, "आकडे अजून कच्चे आहेत."

दगडवाले गृहस्थ दगडाकडे बघत होते. ऋता रडत होती, पण तोंड उघडलं नाही. आणि मी आंतरविद्याशाखीय गटात होते! सगळ्या विद्यांच्या भिंती पाडायला निघालेला हा गट, आणि पाणी उपसलं हे सांगायला भूजलाची पदवी लागत होती. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. तो अजून उतरलेला नाही.

माणूस मान हलवून निघून गेला. जाताना टीचरांना म्हणाला, "बाई, मी दिसतं ते लिहितो." टीचरांनी आम्हाला चहासुद्धा विचारला. मी तो घेतला नाही, बाकीच्यांनी घेतला.

शनिवार, बैठक

शनिवारी सकाळी मी एकटीच रिक्षा करून वाडीत जाऊन आले. बावखल भरलं होतं. बगळासुद्धा परत आला होता. टीचर काठावर पाटीत फुलं खुडत होत्या, मला बघून त्यांनी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

दुपारी लॉजच्या हॉलमध्ये सगळी माहिती एकदम उघडण्यात आली. ऋतानं वाचलं, गुरुवारी पाहणी असल्याचं मंगळवारी समजलं. सबनीस म्हणाले, "अरेरे, आधी कळतं तर मी शुक्रवारी उपसलं असतं." कर्णिक सर गंभीरपणे म्हणाले, "ह्यातूनच आंतरविद्याशाखीय संवादाची गरज अधोरेखित होते." आणि ते वाक्य इतिवृत्तात घ्यायला लावलं.

मी म्हटलं, "कार्यालयाला आत्ता लिहा, पाणी आम्ही काढलं होतं आणि ते परत आलंय. दोन ओळी." सबनीसांना वर्षभराच्या नोंदी हव्या होत्या. दगडवाले म्हणाले, हा माझा विषय नाही. ऋता म्हणाली, अभ्यासकानं क्षेत्रात हस्तक्षेप करू नये. "अगं, पंप लावला तो काय होता? अभिषेक?" मी विचारलं. एकमत झालं नाही. सोमवारी मीच त्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, पाहणी झालेली आहे, फोटो आहेत. मी कोण, ते त्यानं दोनदा विचारलं. संध्याकाळी मी गावी निघाले, पिशवीत टीचरांनी दिलेली सुकेळी होती. देऊ नका म्हटलं तरी दिली.

गडहिंग्लज

घरी आल्यावर शेजारणी विचारत, कशी होती वसई? मी म्हणायचे, हिरवी आहे अजून, लवकर जा.

पावसाळा सरला तेव्हा टीचरांचा फोन आला. रस्ता झाला होता. दोन डंपर मुरूम टाकला तेव्हा त्या चर्चमध्ये जाऊन बसल्या होत्या, बघवेना म्हणून. पण हरल्या नव्हत्या. वर अपील केलं होतं. "तुमचा अहवाल आला की पाठवा. त्यात पाणी भरल्याचं असेल ना? मग ते लोक रस्ता उकरतील. बावखल मरत नाही हो, वर माती असली तरी."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसा अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. मी अधाशासारखी पानं उलटली. आणि होतं! सबनीसांचा आलेख होता, पाणी कसं चढत गेलं त्याचा. खाली स्पष्ट लिहिलेलं: संपूर्ण उपशानंतर अल्पावधीत पुनर्भरण, बारमाही जिवंत स्रोत. मी तिथल्या तिथे उडी मारली. नवऱ्याला वाटलं, बढती मिळाली. त्याच दिवशी अहवाल टीचरांना धाडला.

त्यांचा फोन आला तो दोन दिवसांनी. "अहो, सगळं वाचलं मी. ह्यात आमचं बावखल कुठलं? इथे नुसतं स्थळ क, स्थळ ख, स्थळ ग."

"ग, टीचर. ग म्हणजे तुमचंच."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. साहेबाला कसं कळणार? वकील म्हणाला, ह्यावर गावाचं नाव नाही, हे चालणार नाही."

मी ऋताला फोन केला. म्हटलं, एक ओळीचं पत्र दे, ग म्हणजे उमेळे. ती म्हणाली, "मॅम, मला खूप वाईट वाटतंय. पण मूळ नावं डिस्ट्रॉय केली आम्ही. तो नियमच आहे. आणि मी त्यांना प्रॉमिस केलं होतं ना."

"त्या स्वतः सांगतायत की नाव टाका!"

"पण कन्सेंट तेव्हाच्या अटींवर घेतलेला असतो, मॅम."

कर्णिक सरांनी फोन उचलला नाही. सबनीस म्हणाले, आलेख तर छापलाय की! मग मी पुन्हा टीचरांना फोन लावला. कसं सांगावं कळेना, म्हणून सरळच सांगितलं. नावं पुसली आहेत, आता कुणालाच सांगता येणार नाही. मी लिहून देईन, पण माझा विषय मराठी.

पलीकडे मागे कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा टिंटिं आवाज येत राहिला. पूर्वी तिथे पंपाचा आवाज यायचा.

"पहिल्या दिवशी म्हणाली होती ती पोरगी," टीचर म्हणाल्या, "तुमचं नाव कुठेच येणार नाही म्हणून. शब्दाची पक्की निघाली हो."